देवकीची न्हाणी

स्टोव्हवरची कढी उतू जाऊन वातींवर सांडली आणि घरभर करपल्याचा वास सुटला, तेव्हा मारोतराव हातातलं वर्तमानपत्र टाकून उठले. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. त्यांनी फडक्यानं पातेलं खाली उतरवलं, स्टोव्ह विझवला आणि न्हाणीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

देवकी उकिडवी बसली होती. लुगड्याचा काठ ओला झाला होता. अर्धं लिंबू मिठात बुडवून ती फरशीवरचा तांबडा डाग घासत होती. बाजूला पिळून झालेल्या पाचसहा फोडी पडल्या होत्या.

"अवं देवके, कढी गेली ना सारी."

"जाऊ द्या जी. एवढा डाग निघू द्या. चार वाजता पाहुणे येऊन राहिले."

"कोणते पाहुणे?"

हात थांबवून तिनं वर पाहिलं. नवरा मुद्दाम वेड पांघरतो आहे, असं तिला वाटलं असावं. "कोणते म्हणजे? प्रेमिलेले पाहाले वर्धेवाले येऊन राहिले ना. तुमीच तं सांगतलं."

मारोतराव उंबऱ्यावरच बसले. त्यांच्या लेकीचं, प्रेमिलाचं, लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती. उमरेडला तिचा संसार होता, मोठा मुलगा सातवीत होता. वर्ध्याचे पाहुणे येऊन गेले त्याला तर सोळा वर्षं झाली होती. आणि त्या आठवड्यात ते तिसऱ्यांदा येणार होते.

"ते उद्या येणार आहेत," मारोतराव म्हणाले. "चिठ्ठी आली त्यांची."

"मंग बरं झालं," देवकी म्हणाली आणि पुन्हा घासू लागली.

मारोतराव वैरागड्यांची सारी नोकरी महापालिकेच्या पाणीखात्यात गेली होती. मीटर वाचायचे, पुस्तकात आकडे टिपायचे, एवढंच काम. चौतीस वर्षं सायकलवर बसून त्यांनी नागपूरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. लोकांच्या अंगणात, मोरीमागे, जिन्याखाली वाकून मीटरवरचं झाकण उचलायचं, काचेवरची माती अंगठ्यानं पुसायची. निघताना कुठं नळ ठिपकताना दिसला की ते हटकून सांगायचे, "वायसर बदला भाऊ. पाणी जाते अन् फरशीही खराब होते." लोक हो म्हणायचे. काही जण खरंच बदलायचेही.

स्वतःच्या घरचा नळ मात्र ठिपकत राहिला. हनुमाननगरातलं हे दोन खोल्यांचं घर बांधलं तेव्हा पैशाची ओढाताण होती, सगळीकडे साधा कोबा केला होता. देवकीनं एकच हट्ट धरला, न्हाणीत पांढरी फरशी पाहिजे. माहेरी तिनं दगडावर बसून, आडोशाला चार तुराट्या लावून आंघोळ केली होती. मारोतरावांनी पांढरी फरशी बसवली. वर्षभर ती दुधासारखी राहिली. मग लोखंडी पाइपाच्या जोडातून थेंब पाझरू लागला, भिंतीवर बोटभर रुंदीचा तांबडा ओघळ उमटला, आणि खाली लोखंडी बादलीच्या बुडाचं गोल कडं फरशीत उतरलं.

"वायसर बदला ना जी," देवकी म्हणायची.

"रविवारी करतो."

असे किती रविवार गेले. दिवसभर लोकांचे नळ पाहिलेल्या माणसाला घरी आल्यावर नळाकडे बघवत नसे, हे काही देवकीला सांगण्यासारखं कारण नव्हतं. बादली उचलून पुसून ठेवायची, रात्री पालथी घालायची, फरशी कोरडी करायची, जे जे हाताशी होतं ते ती करत राहिली. थेंब तिच्या हातातला नव्हता.

मग ते वर्धेवाले आले. मुलगा बँकेत होता. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई पाय धुवायला न्हाणीत गेली. बाहेर येताना तिनं बहिणीला म्हटलं, आवाजही न उतरवता, "न्हाणी अशी आहे, तं बाकीचं घर कसं असंल." देवकी टॉवेल घेऊन दाराशीच उभी होती. पंधरा दिवसांनी नकाराची चिठ्ठी आली. मुलाचं दुसरीकडे जवळजवळ ठरलेलंच होतं, हे मारोतरावांना नंतर कळलं. त्यांनी ते देवकीला सांगितलंही. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमी मनावर घेतलं असतं तं तो डाग तं नसता ना." त्यानंतर हा विषय तिनं कधी काढला नाही. तिचा आवाज चढला असता तर मारोतरावांना बरं वाटलं असतं.

पुढं प्रेमिलाला उमरेडचा शिक्षक नवरा मिळाला, चांगलं झालं. डाग मात्र राहिला. दर शनिवारी देवकी तो लिंबा-मिठानं घासायची, तो फिका व्हायचा, पुढच्या शनिवारपर्यंत पुन्हा गडद व्हायचा. घरातल्या इतर कामांसारखं तेही एक काम झालं.

दोन वर्षांपूर्वी देवकीला विसर पडू लागला. आधी वरणात दोनदा मीठ. मग कपाटाची किल्ली कणकेच्या डब्यात. एके दिवशी शेजारच्या यमुताईंना तिनं आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली आणि घरात बसवून माहेरच्या गोष्टी विचारल्या. यमुताई शहाण्या, त्यांनी जमेल तशी उत्तरं दिली आणि घरी जाऊन रडल्या. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं, आजचा वार विचारला, पंतप्रधान कोण विचारलं. देवकीनं ओशाळं हसून मारोतरावांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "याला औषध नाही, मारोतराव. हळूहळू वाढत जाईल. त्यांना विरोध करू नका, त्या म्हणतील त्याला हो म्हणा."

हो म्हणणं सोपं होतं. पण शनिवारचं घासणं आता रोजचं झालं, आणि मग दिवसातून चारचारदा. तिची बोटं फुटली. लिंबाचा रस त्या भेगांत शिरायचा, पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा, पण तिला काही वाटत नसे. मारोतरावांनी लिंबं लपवली तर ती चिंच घेऊन बसली. चिंच लपवली तर विटेचा तुकडा.

दिवाळीनंतर प्रेमिला आली. आईची फुटलेली बोटं तिनं एकेक करून पाहिली. दुपारी देवकीचा डोळा लागल्यावर ती न्हाणीत जाऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "बाबा, हा डागच काढून टाका ना."

"निघत नाई तो. तुही माय सोळा वर्षं घासून राहिली."

"वरून घासून कसा निघंल? नळ ठिपकूनच राहिला आहे. तुम्ही पाणीखात्यातले ना बाबा?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरी त्यानंतरचं तिचं बोलणं मारोतरावांना ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सीताबर्डीला गेले. पितळी नळ घेतला, पाइपाचा तुकडा घेतला, निळी प्लास्टिकची बादली घेतली. दुकानदाराला डागाचं सांगितलं तर त्यानं एक पांढरी पूड बांधून दिली. फरशी पॉलिश करणारे हीच वापरतात म्हणाला. हाताला लावू नका, तोंडाजवळ नेऊ नका, काम झालं की भरपूर पाण्यानं धुवा.

प्रेमिला आईला घेऊन यमुताईंकडे जाऊन बसली आणि मारोतरावांनी धोतराचा काचा मारला. सत्तरीला आलेला माणूस, पण पाना हातात आल्यावर हात आपोआप चालू लागले. गंजलेला जोड हलेना, त्यावर रॉकेल सोडून तासभर वाट पाहिली, मग तो निघाला. नवा तुकडा बसवला, जोडाला सुतळी आणि सफेदा लावून आवळला. नळ बंद करून खाली कोरडा कागद ठेवला. अर्धा तास झाला तरी कागदावर थेंब पडला नाही. एवढंच काम होतं. एका सकाळचं.

मग हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून त्यांनी पूड पाण्यात कालवली, फडक्यावर घेतली आणि ते फडकं डागावर पसरलं. भिंतीवरच्या ओघळावरही तसंच. वीस मिनिटांनी फडकं उचललं. खालचं कडं अर्धं विरलं होतं. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा धुतलं तेव्हा फरशी पांढरी होती, पहिल्या वर्षी होती तशी. मारोतराव भिंतीला टेकून तिथंच बसून राहिले. जुना नळ, पाइप आणि लोखंडी बादली त्यांनी त्याच दुपारी कबाड्याला देऊन टाकली.

संध्याकाळी प्रेमिला आईचा हात धरून घेऊन आली.

"पाय, आई," ती फरशीकडे बोट दाखवत म्हणाली. "बाबांनी कसं केलं पाय."

देवकी न्हाणीच्या दारात उभी राहिली. तिनं फरशी पाहिली, भिंत पाहिली, नळ पाहिला. मग ती मागे सरली आणि प्रेमिलाच्या कानाशी लागली. "कोणाचं घर आहे वं हे?"

"आपलंच आहे ना, आई."

"नाई. आमच्या न्हाणीत डाग आहे." आणि मग मारोतरावांकडे वळून, परक्या पुरुषाशी बोलताना घेतात तसा डोक्यावर पदर घेऊन ती म्हणाली, "चाललो भाऊ आम्ही. उशीर झाला. घरी माणूस वाट पायत असंल."

त्या दिवसापर्यंत ती वार विसरली होती, नातवंडांची नावं विसरली होती, पण घर ओळखत होती आणि नवऱ्याला ओळखत होती. प्रेमिला दोन दिवस जास्त राहिली. जाताना एसटीत बसेपर्यंत ती म्हणत होती, "मीच सांगितलं बाबा, मीच सांगितलं." मारोतराव म्हणाले, "तू काय वाईट सांगतलं बाई. सोळा वर्षांपूर्वीच कराचं होतं मले."

पुढचे दिवस देवकी ओट्यावर बसून राही, गाठोडं मांडीवर घेऊन. गाठोड्यात एक लुगडं, एक चोळी आणि कणकेचा रिकामा डबा. कोणी दिसलं की विचारी, "हनुमाननगर कोणीकडे आलं जी?" लोक सांगत, हेच हनुमाननगर. ती हसून मान हलवी, पण तिला पटत नसे. जेवायला बोलावलं तर संकोचानं दोन घास खाई आणि ताट स्वतः घासून ठेवी, पाहुणीनं ठेवावं तसं. मारोतरावांनी हात धरला तर हात सोडवून घेई.

एका दुपारी ते रेशनचं धान्य घेऊन आले तर ओटा रिकामा होता. यमुताईंकडे नव्हती. देवळात नव्हती. चौकातला भाजीवाला म्हणाला, "बाई नव्या लेआउटकडे गेल्या जी, झाले दोन घंटे."

नव्या लेआउटमध्ये तीसेक बंगले होते. मारोतरावांना प्रत्येक फाटक माहीत होतं, कुठला मीटर कुठं आहे तेही. शेवटची पाच वर्षं हा भाग त्यांच्याकडेच होता. एकेका घरी ते विचारत गेले. सतराव्या की अठराव्या घरी एक पस्तिशीची बाई बाहेर आली.

"कोण, त्या म्हाताऱ्या बाई? हो, आहेत ना. मागं न्हाणी धुऊन राहिल्या. आमची बाई चार दिवस झाले आली नाही, मी म्हटलं तिनंच पाठवली बदलीवर. काका, काम मात्र एक नंबर आहे. बोअरिंगच्या पाण्यानं सारी फरशी लाल झाली होती, दोन घंट्यांत साफ केली. उद्यापासून रोज पाठवता का?"

मारोतरावांनी चप्पल काढली आणि ते त्या बाईच्या मागं आत गेले.

देवकी उकिडवी बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. हातात नारळाची शेंडी, शेजारी लिंबाच्या फोडी. सगळी फरशी ओली आणि लख्ख. दारापाशी एका कागदात सकाळच्या दोन पोळ्या आणि लोणच्याची फोड बांधून ठेवली होती. आणि देवकीचा चेहरा, कितीतरी दिवसांत मारोतरावांनी तो तसा पाहिला नव्हता, शांत होता.

"घेऊन जातो मी यांना," मारोतराव म्हणाले.

"तुम्ही कोण त्यांचे?"

"मी नवरा आहे."

घरच्या बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या कोट-टोपीकडे पाहिलं, मग कागदातल्या पोळ्यांकडे. तिचा चेहरा पडला. "काका, मले माहीतच नव्हतं. त्या स्वतःहून आल्या, म्हणाल्या न्हाणी दाखवा. मी समजली की..."

"तुमची काही चूक नाई बाई. तिचं मन ठिकाणावर नसते."

देवकीनं उठून हात धुतले. पोळ्यांचा पुडा गाठोड्यात ठेवला. मारोतराव ते काढून ठेवायला वाकले, तर तिनं गाठोडं छातीशी धरलं. "माह्या कष्टाचं आहे जी," ती म्हणाली.

दोघं रस्त्यानं चालू लागली. ती दोन पावलं मागं होती. एरवीही नवऱ्यासोबत ती मागंच चालायची, त्यामुळे पाहणाऱ्याला काही वेगळं वाटलं नसतं. चौकापाशी ती म्हणाली, "तुमच्याही घरी न्हाणी आहे का भाऊ?"

"आहे."

"डाग आहे का?"

मारोतरावांना ऊन लागत होतं. त्यांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. "होता," ते म्हणाले. "पडंल पुन्हा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात पडलेलं लोखंडी घमेलं उचलून आणलं. बांधकामाच्या वेळचं होतं, बुडाला पापुद्रे सुटले होते. ते पाणी भरून न्हाणीत ठेवलं. नवा नळ पाव आटा सैल केला. थेंब घमेल्याच्या काठावर पडून खाली ओघळू लागला. जन्मभर ज्यानं लोकांना ठिपकते नळ दाखवले, त्यानं आपल्या हातानं नळ ठिपकत ठेवला, आणि तो आवाज ऐकत तो बाहेर ओट्यावर बसून राहिला.

नवव्या दिवशी फरशीत तांबूस कडं उतरलं. मारोतरावांनी घमेलं बाजूला केलं आणि मिठाची वाटी, लिंबाच्या चार फोडी दाराशी नेऊन ठेवल्या. चारच. देवकी आली, उभ्या उभ्या डागाकडे पाहिलं आणि गाठोडं खाली ठेवलं. पदर खोचला. त्यांना वाटलं, आता ती म्हणेल, वायसर बदला ना जी. त्यांनी वाट पाहिली.

ती म्हणाली, "भल्या घरी असा डाग पडू देऊ नये भाऊ," आणि कामाला लागली.

त्यानंतर घर तिनं पुन्हा ओळखलं नाही. पण ती जाईनाशी झाली. रोज सकाळी कामावर आल्यासारखी न्हाणीच्या दाराशी यायची. मारोतराव वरण-भात रांधायचे, तिच्यासाठी ताट वाढायचे. "जेवून जा बाई," असं म्हटलं तरच ती जेवायची. दुपारी तिचे हात खोबरेल तेलानं चोळायचे, तेव्हा ती तोंड फिरवून बसायची. प्रेमिलानं पत्रात विचारलं, आईला मी इकडे आणू का. त्यांनी कार्डावर लिहिलं, इथंच बरी आहे. दुसरं काय लिहावं हे त्यांना सुचलं नाही, अर्धं कार्ड कोरंच गेलं.

पौषातल्या एका सकाळी तिला वेळ लागला. हात चालत नव्हते, मध्येच थांबून ती दम घेत होती. मारोतराव उंबऱ्यावर बसून होते. चौथी फोड संपली तेव्हा डाग पुष्कळ फिका झाला होता. तिनं पाणी ओतलं, वाकून पाहिलं आणि भिंतीचा आधार घेत उठली.

"बाई नाई का घरी तुमची?" तिनं विचारलं.

"आहे ना."

"कधी दिसत नाई ते."

"आत असते."

"मंग तिले सांगा, झालं म्हणून. येऊन पाहून घे म्हणा. मागून बोलू नको."

मारोतराव उठले. गुडघे धरले होते, चौकटीला धरून सरळ व्हावं लागलं. ते रिकाम्या स्वयंपाकघराकडे वळले, जिथं स्टोव्हवर भात ठेवला होता आणि खिडकीतून पत्र्यावरचं ऊन आत येत होतं.

"देवके," त्यांनी हाक मारली. "झालं वं. येऊन पाय."

मागं ती बाई ओले हात पुढं धरून उभी होती, आतून कोण येतं ते पाहत. मारोतरावांनी पुन्हा हाक मारली, या वेळी थोडी मोठ्यानं.